काट्यावरची यादी हलत नाही: डब्ल्यूपीएफमधल्या लाइव्ह क्वेरीचा पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

ट्रॅक्टरचं भरवजन झालं, गाडी गव्हाणीकडे गेली, पण काटाघरातल्या स्क्रीनवर ‘तळावर उभ्या गाड्या’ या यादीत ती अजून उभीच आहे. कारकून विंडो बंद करून पुन्हा उघडतो, तेव्हा यादी बरोबर येते. एका साखर कारखान्याच्या टोकन आणि काट्याच्या सॉफ्टवेअरची देखभाल मी काही हंगाम करतो आहे. गाळप सुरू झालं की हा फोन येतोच. तक्रार तीच असते, कारण मात्र दरवेळी वेगळं निघतं. तळावर गाडीवान रात्रभर थंडीत नंबरची वाट बघत बसलेला असतो. यादी चुकली तर त्याचा नंबर चुकतो आणि काट्यावर भांडणं होतात. त्यामुळे हा बिघाड मला कधीच किरकोळ वाटला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. डब्ल्यूपीएफ म्हणजे विंडोजवरच्या डेस्कटॉप अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट. सी शार्पमध्ये लिंक क्वेरी २००७ साली डॉट नेट ३.५ बरोबर आली (इथे लिंक म्हणजे डेटावर क्वेरी लिहायची भाषेतली सोय, वेबची लिंक नाही). ‘स्थिती तळावर असलेल्या गाड्या, टोकनच्या वेळेनुसार’ हे एका ओळीत लिहिता येऊ लागलं. पण साधी लिंक क्वेरी विचारलं तेव्हाच उत्तर देते. नंतर डेटा बदलला तर ती आपण होऊन काही कळवत नाही. ही उणीव भरून काढायला कंटिन्युअस लिंक, बाइंडेबल लिंक, ऑब्टिक्स अशा लायब्ररी आल्या: क्वेरी एकदा लिहायची आणि मूळ संग्रह बदलला की निकाल आपोआप बदलायचा. आज हेच काम बहुतेक जण रिअ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन्सवर (एकामागून एक येणाऱ्या बातम्यांच्या ‘प्रवाहा’वर काम करणाऱ्या लायब्ररीवर) उभ्या असलेल्या डायनॅमिकडेटाने करतात. जुन्या डेस्कटॉप अ‍ॅप्समध्ये मात्र पहिल्या पिढीतल्या लायब्ररी अजून सापडतात, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक तपासण्या दोन्हीकडे लागू पडतात.

या सगळ्या लायब्ररींचं काम एका गोष्टीवर चालतं. कुणीतरी दवंडी पिटावी लागते. ‘माझी स्थिती बदलली’ हे गाडीने सांगायचं, ‘माझ्यात एक गाडी वाढली’ हे संग्रहाने सांगायचं. क्वेरी फक्त ऐकते. यादी हलत नसेल तर दवंडी कुठल्या वेशीवर थांबली एवढंच शोधायचं असतं.

लक्षणं

आपलं लक्षण नेमकं कोणतं ते आधी ठरवा, नाहीतर दिवसभर भलतीकडे खोदत बसाल.

- यादी पहिल्यापासून रिकामी आहे.
- यादी एकदा भरते, नंतर काहीच बदलत नाही.
- नवी गाडी आली की दिसते, पण असलेल्या गाडीची स्थिती बदलली तर ती जागची हलत नाही.
- काही वेळ सगळं नीट चालतं, मग अचानक थांबतं आणि अ‍ॅप पुन्हा सुरू करेपर्यंत थांबलेलंच राहतं.
- एकच गाडी दोनदा दिसते, किंवा काढली तरी जात नाही.
- यादी बरोबर आहे, पण निवडलेली ओळ सुटते, स्क्रोल वर उडी मारतो, किंवा स्क्रीन काही सेकंद गोठते.
- दोन-तीन दिवस अ‍ॅप चालू राहिलं की मशीन जड होत जातं.

तिसरं लक्षण सर्वांत जास्त वेळा दिसतं. चौथं सर्वांत जास्त छळतं.

पहिली तपासणी: तीन आकडे (पाच मिनिटं)

कोडला हात लावण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक तात्पुरतं बटण ठेवा. ते दाबल्यावर तीन आकडे दिसले पाहिजेत: मूळ संग्रहात किती गाड्या आहेत, क्वेरीच्या निकालात किती आहेत, आणि ग्रिडमध्ये (स्क्रीनवरच्या कोष्टकात) किती ओळी आहेत. मूळ संग्रहातल्या गाड्यांपैकी किती जणींची स्थिती खरोखर ‘तळावर’ आहे, तेही साध्या लूपने मोजा.

या एका बटणाने अर्धा प्रश्न सुटतो. लूपचाच आकडा चुकीचा असेल तर दोष लायब्ररीच्याही आधीचा आहे: डेटाबेसमधून आलेली माहिती जुनी आहे किंवा काट्याकडून आलेला संदेश हरवतो आहे. लूप बरोबर आणि क्वेरीचा निकाल चुकीचा असेल तर दवंडी क्वेरीपर्यंत पोचत नाही. निकाल बरोबर आणि ग्रिड चुकीचा असेल तर घोळ बाइंडिंगचा (डेटा स्क्रीनला जोडण्याचा) किंवा थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कोडच्या वेगळ्या धाग्यांचा) आहे. ही पायरी वगळून लायब्ररीची आवृत्ती बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि शेवटी चूक डेटाबेसमधल्या साठवलेल्या प्रक्रियेतल्या (स्टोअर्ड प्रोसिजरमधल्या) एका अटीत निघाली.

दुसरी: आउटपुट विंडो वाचा

व्हिज्युअल स्टुडिओत अ‍ॅप डीबगमध्ये चालवा आणि आउटपुट विंडोत ‘सिस्टिम डॉट विंडोज डॉट डेटा एरर’ शोधा. बाइंडिंगच्या पाथमध्ये स्पेलिंग चुकलं असेल तर डब्ल्यूपीएफ क्रॅश होत नाही, इथे एक ओळ लिहून पुढे जातं. फील्डला बाइंड केलं असेल तरी हेच होतं, कारण डब्ल्यूपीएफला प्रॉपर्टीच लागते. फुकटची तपासणी आहे, पण घाईत कुणी करत नाही.

डायनॅमिकडेटा वापरत असाल आणि यादी पहिल्यापासून रिकामी असेल, तर साखळीच्या शेवटी सबस्क्राइब (‘मला कळवत राहा’ अशी नोंदणी) लिहिलंय का बघा. कनेक्ट, फिल्टर, बाइंड सगळं लिहिलं आणि सबस्क्राइब राहिलं, तर कंपायलर काही बोलत नाही आणि काहीही घडत नाही.

तिसरी: क्वेरी खरंच लाइव्ह आहे का?

पहिल्या पिढीच्या लायब्ररींमध्ये हा घोळ हमखास होतो. कंटिन्युअस लिंकमध्ये व्हेअर, सिलेक्ट, ऑर्डरबाय ही नावं साध्या लिंकचीच आहेत. फाइलच्या माथ्यावर लायब्ररीचं नेमस्पेस आणायचं राहिलं तर कंपायलर मुकाट्याने साध्या लिंकचं व्हेअर उचलतो. कोड कंपाइल होतो, यादी एकदा भरते आणि तिथेच थांबते. लक्षण क्रमांक दोन.

नेमस्पेस असूनही हे होऊ शकतं. कुठलं व्हेअर लागू होईल हे व्हेरिएबलच्या जाहीर केलेल्या टाइपवरून ठरतं, आत प्रत्यक्ष काय आहे यावरून नाही. संग्रह ऑब्झर्व्हेबलकलेक्शन (आपले बदल कळवणारा संग्रह) आहे, पण मधल्या एका मेथडने तो आयइन्युमरेबल म्हणून परत दिला, तर पुढची क्वेरी साधी झाली. मधे कुणी टूलिस्ट लिहिलं तरी तेच, त्या ठिकाणी डेटाचा फोटो निघतो आणि दवंडी तिथे संपते.

तपासायला सोपं आहे. एडिटरमध्ये व्हेअरवर माउस न्या आणि टूलटिपमध्ये कुठला क्लास येतो ते वाचा. किंवा निकालाचा टाइप छापा आणि तो आयनोटिफायकलेक्शनचेंज्ड (संग्रह बदलला की कळवायचा करार) पाळतो का ते विचारा. पाळत नसेल तर ग्रिडला बदल कळण्याची शक्यताच नाही.

चौथी: गाडी स्वतः बोलते का?

इथे जरा थांबून वाचा, कारण माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा याच कारणाचा आहे.

ऑब्झर्व्हेबलकलेक्शन फक्त स्वतःबद्दल सांगतो: वस्तू आली, गेली, बदलून दुसरी ठेवली, जागा हलवली. आतल्या वस्तूच्या पोटात काय बदललं हे त्याला माहीत नसतं आणि तो सांगत नाही. गाडीची स्थिती ‘तळावर’वरून ‘भरवजन झालं’वर गेली तरी संग्रहाच्या दृष्टीने गाडी तीच आहे. ती बातमी गाडीच्या क्लासने आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड पाळून स्वतः द्यायची असते.

त्यामुळे क्लास उघडा आणि क्वेरीच्या अटीत किंवा क्रमात येणारी प्रत्येक प्रॉपर्टी एकेक करून बघा. सेटरमध्ये (प्रॉपर्टीला नवी किंमत देणाऱ्या कोडमध्ये) प्रॉपर्टीचेंज्ड उठतो का? नाव हाताने लिहिलेलं असेल तर ते अचूक आहे का? प्रॉपर्टीचं नाव बदलताना आतलं अवतरणातलं नाव जुनंच राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. सी शार्प ५ पासून कॉलरमेंबरनेम आणि सी शार्प ६ पासून नेमऑफ आहे, ते वापरा आणि ही चूक कायमची मिटवा.

मग बघा, क्लासमधलाच कोड सेटर टाळून थेट आतल्या फील्डमध्ये तर लिहीत नाही ना. ‘वजन नोंदव’ अशी मेथड असते, ती आतून फील्ड बदलते आणि कुणाला कळत नाही.

काढलेल्या प्रॉपर्टींचंही असंच. निव्वळ वजन म्हणजे भरवजन वजा रिकामं वजन. त्याला सेटर नाही, त्यामुळे ते स्वतः बोलू शकत नाही. रिकामं वजन बदललं की दोन बातम्या द्याव्या लागतात, एक स्वतःची आणि एक निव्वळ वजनाची. अट जर ‘गाडी डॉट शेतकरी डॉट गाव’ अशी खोल असेल, तर लायब्ररी किती पातळ्यांपर्यंत ऐकते ते तिच्या कागदपत्रांत बघा. सगळ्या ऐकत नाहीत. माझा सल्ला असा की खोल अट लिहूच नये. गाव गाडीवरच एक प्रॉपर्टी म्हणून आणावं.

डायनॅमिकडेटात आणखी एक पायरी आहे. वस्तू नीट बोलत असली तरी फिल्टर आपण होऊन ऐकत नाही, त्याच्या आधी ऑटोरिफ्रेश लावून कुठल्या प्रॉपर्टीकडे कान द्यायचा ते सांगावं लागतं. आधी म्हणजे आधीच. फिल्टरनंतर लावलेला ऑटोरिफ्रेश फिल्टरला पुन्हा विचार करायला लावत नाही. जावाएफएक्समध्ये काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: तिथेही फिल्टर्डलिस्टला वस्तूच्या पोटातले बदल कळायला मूळ यादी एक्स्ट्रॅक्टर देऊन बनवावी लागते.

पाचवी: संग्रहच बदलून टाकला का?

‘रिफ्रेश’ बटणाच्या मागे बघा. पाळी बदलली की नवा संग्रह बनवून प्रॉपर्टीत टाकला जातो का? क्वेरी जुन्या संग्रहाला चिकटून बसलेली असते आणि जुन्या संग्रहात आता काही घडत नाही. संग्रह एकदाच बनवा, रीडओन्ली ठेवा, आणि आतला माल बदला.

सहावी: ज्याची दवंडी कुणीच पिटत नाही

‘सहा तासांपेक्षा जास्त वेळ उभ्या असलेल्या गाड्या लाल दाखवा.’ मागणी रास्त आहे, तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. कोडमध्ये अट लिहिली: आत्ताची वेळ वजा टोकनची वेळ, सहा तासांपेक्षा जास्त. ही अट लाइव्ह होऊच शकत नाही, कारण घड्याळ कुणालाही प्रॉपर्टीचेंज्ड पाठवत नाही. गाडीत दुसरं काही बदललं तरच ती तपासली जाते. म्हणून तक्रार येते की कधी लाल होते, कधी होत नाही. उपाय म्हणजे मिनिटाला एकदा ठोका देणारा टायमर, आणि त्या ठोक्यावर फिल्टर पुन्हा लावणं. डायनॅमिकडेटात फिल्टरला अट म्हणून प्रवाहच देता येतो, तिथे हे स्वच्छ जमतं.

शोधाच्या चौकटीतला मजकूर अटीत वापरला असेल तरी हाच दोष येतो. मजकूर बदलला हे क्वेरीला सांगायला कुणीतरी लागतं.

सातवी: थ्रेड

इथून पुढे वेळ आणि अनुभव दोन्ही जास्त लागतात.

काट्याच्या इंडिकेटरकडून वजन सीरियल पोर्टवर येतं. डॉट नेटच्या सीरियलपोर्ट क्लासचा डेटारिसीव्ह्ड इव्हेंट स्क्रीनच्या थ्रेडवर उठत नाही, दुसऱ्याच थ्रेडवर उठतो. डब्ल्यूपीएफचा नियम असा की ग्रिडला जोडलेला संग्रह स्क्रीनच्या थ्रेडवरूनच बदलायचा. मोडला तर नॉटसपोर्टेडएक्सेप्शन येतो आणि संदेशात डिस्पॅचर थ्रेडचा, म्हणजे स्क्रीनच्याच थ्रेडचा, उल्लेख असतो.

आता यातला फसवा भाग. साध्या प्रॉपर्टीच्या बदलाची बातमी दुसऱ्या थ्रेडवरून आली तर डब्ल्यूपीएफ ती स्वतःच स्क्रीनच्या थ्रेडवर नेऊन हाताळतं. म्हणून गाडीचं वजन दुसऱ्या थ्रेडवरून बदललं तरी चौकटीतला आकडा छान बदलतो, आणि सगळ्यांची खात्री पटते की थ्रेडचा प्रश्न नाही. पण त्याच बदलामुळे लाइव्ह फिल्टर म्हणतो, ‘ही गाडी आता यादीत नको’, आणि तो संग्रहातून तिला त्याच दुसऱ्या थ्रेडवर काढायला जातो. प्रॉपर्टीचा बदल वाटेत संग्रहाचा बदल झाला. तो डब्ल्यूपीएफ आपण होऊन सांभाळत नाही. लाइव्ह क्वेरी लावायच्या आधी नीट चालणारं अ‍ॅप ती लावल्यावर मोडतं ते यामुळे, आणि दोष लायब्ररीच्या माथी जातो.

एक्सेप्शन दिसलाच पाहिजे असंही नाही. काम टास्कमध्ये असेल आणि कुणी त्याची वाट बघत नसेल, तर डॉट नेट ४.५ पासून असा न पाहिलेला एक्सेप्शन अ‍ॅप पाडत नाही, तो गुपचूप विरून जातो. म्हणून डीबगरमध्ये ‘एक्सेप्शन फेकला जाताच थांब’ ही सोय सुरू करून एकदा चालवून बघा.

दुरुस्तीचा माझा आवडता मार्ग: बाहेरून येणारी बातमी दारातच स्क्रीनच्या थ्रेडवर आणायची आणि मगच वस्तूला हात लावायचा. काट्याचे बदल मिनिटाला मोजके असतात, त्यात वेगाचा प्रश्न येत नाही. डायनॅमिकडेटात बाइंडच्या लगेच आधी ऑब्झर्व्हऑन लावतात. डॉट नेट ४.५ मध्ये आलेलं एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशनही आहे, पण त्यात लॉक प्रत्येक ठिकाणी काटेकोर पाळावं लागतं. एका ठिकाणी विसरलात तर महिन्यातून एकदा दिसणारा दोष तयार होतो. नवख्या हातात ते देऊ नये असं माझं मत आहे.

आठवी: काही वेळ चालतं, मग थांबतं

चौथ्या लक्षणाची दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकमेकांशी असंबद्ध आहेत.

पहिलं, प्रवाह मेलेला असतो. रिअ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन्सचा नियम आहे की प्रवाहात एकदा एरर आली की प्रवाह संपला, त्यानंतर तो काहीही पाठवत नाही. फिल्टरच्या अटीत शेतकऱ्याच्या नोंदीतलं गाव वापरलं आणि एका गाडीची शेतकरी नोंदच रिकामी आली, तर त्या गाडीपाशी नलरेफरन्सएक्सेप्शन येतो आणि यादी कायमची गप्प होते. वर सगळ्या एक्सेप्शन गिळणारा हँडलर असेल तर लॉगमध्येही खूण राहत नाही. प्रत्येक सबस्क्राइबला एरर घेणारी बाजू द्या आणि तिथे लॉग लिहा. बाहेरच्या डेटावर काम करणाऱ्या ट्रान्सफॉर्मऐवजी ट्रान्सफॉर्मसेफ वापरा. ओळख सोपी आहे: यादी दरवेळी एका विशिष्ट नोंदीनंतर थांबते.

दुसरं, क्वेरी कचऱ्यात गेलेली असते. मेमरी गळू नये म्हणून पहिल्या पिढीतल्या लायब्ररींमध्ये कमकुवत रेफरन्सवर ऐकण्याची पद्धत वापरलेली दिसते. म्हणजे मूळ संग्रह क्वेरीला धरून ठेवत नाही. ग्रिडला जोडलेला निकाल ग्रिड धरून ठेवतो, त्यामुळे तो वाचतो. पण ‘आजचं एकूण टनेज’ अशी क्वेरी एखाद्या मेथडमध्ये लोकल व्हेरिएबलमध्ये बनवली आणि फक्त तिच्या इव्हेंटवर लक्ष ठेवलं, तर तिला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. गार्बेज कलेक्टर (कुणी न धरलेल्या वस्तूंची मेमरी परत घेणारा) फिरला की ती जाते. यादी चालू राहते आणि बेरीज मात्र थांबते.

हा दोष तुमच्या मशीनवर दिसत नाही, कारण तुम्ही अ‍ॅप दोन मिनिटं चालवता आणि तेवढ्यात कलेक्टर तिथपर्यंत पोचत नाही. काटाघरात अ‍ॅप तिन्ही पाळ्या चालतं. सिद्ध करायला एक बटण पुरतं: त्यावर कलेक्ट, मग फायनलायझरची वाट, मग पुन्हा कलेक्ट. दाबल्यावर बेरीज लगेच थांबली तर निदान पक्कं. क्वेरी व्ह्यूमॉडेलच्या (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासच्या) फील्डमध्ये ठेवा. ते तपासणीचं बटण मात्र नंतर काढून टाका, चालत्या अ‍ॅपमध्ये हाताने कलेक्ट करणं हा उपाय नाही.

नववी: दोनदा दिसणारी किंवा न जाणारी गाडी

क्लासमध्ये इक्वल्स आणि गेटहॅशकोड स्वतः लिहिले आहेत का बघा. हॅश (वस्तू कुठल्या खणात ठेवायची ते ठरवणारा आकडा) जर बदलणाऱ्या प्रॉपर्टीवर, समजा स्थितीवर, आधारलेला असेल तर लायब्ररीच्या आतल्या कोष्टकात गाडी एका खणात ठेवली जाते आणि शोधताना दुसऱ्याच खणात पाहिलं जातं. ती सापडत नाही, म्हणून निघत नाही. सोर्सकॅशमधली (डायनॅमिकडेटाच्या मूळ संग्रहातली) ‘की’, म्हणजे वस्तूची ओळख, सुद्धा कधी बदलू नये. गाडीचा नंबर ‘की’ म्हणून घेऊ नका, कारण तीच गाडी दिवसात दोन खेपा करते. टोकन क्रमांक घ्या.

दहावी: गोठणं, उड्या, जडपणा

सकाळी अ‍ॅप सुरू होताना शेकडो टोकनं एकेक करून संग्रहात टाकली तर प्रत्येक वेळी फिल्टर, क्रम आणि ग्रिड तिन्ही हलतात. सोर्सकॅशच्या एडिटमध्ये सगळी एकदम टाका. क्वेरी जोडण्याआधी संग्रह भरणं हाही साधा उपाय आहे.

निवडलेली ओळ सुटते आणि स्क्रोल उडतो, याचं कारण बहुतेक वेळा रिसेट असतं. डायनॅमिकडेटाच्या बाइंडमध्ये एक उंबरठा आहे, मुळात तो २५ असतो. एका खेपेत त्याहून जास्त बदल आले तर तो एकेक बदल न कळवता ‘सगळं नव्याने वाचा’ असं ग्रिडला सांगतो. वेगासाठी ते बरोबर आहे, पण त्या क्षणी ओळ निवडून वजन टाकणाऱ्या कारकुनाच्या हातून चुकीच्या गाडीवर नोंद होऊ शकते. आम्ही उंबरठा वाढवला, आणि शिवाय निवड टोकन क्रमांकाने लक्षात ठेवून परत लावायला सुरुवात केली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती.

ग्रिडच गोठत असेल तर तो स्क्रोलव्ह्यूअर किंवा स्टॅकपॅनेलच्या आत ठेवलेला नाही ना ते बघा. तसं असेल तर ग्रिडला अमर्याद उंची मिळते, व्हर्च्युअलायझेशन बंद पडतं आणि न दिसणाऱ्या ओळीही बनवल्या जातात.

दिवसागणिक मेमरी चढत असेल तर बंद झालेल्या विंडोंचे उरलेले दुवे शोधा. मूळ संग्रह अ‍ॅपभर जगतो. प्रत्येक विंडो त्याच्यावर सबस्क्राइब करते आणि बंद होताना डिस्पोज करत नाही, म्हणजे संग्रह तिला सोडत नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या डायग्नोस्टिक टूल्समध्ये मेमरीचे दोन स्नॅपशॉट घ्या, एक आत्ता आणि एक विंडो दहा वेळा उघडून-मिटून. व्ह्यूमॉडेल दहाने वाढलेले दिसले तर गळती तिथेच आहे. आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड न पाळणाऱ्या साध्या क्लासच्या प्रॉपर्टीला वनटाइम सोडून दुसरं बाइंडिंग केलं तरीही डब्ल्यूपीएफ ती वस्तू धरून ठेवतं, हे कमी लोकांना ठाऊक असतं.

लायब्ररी हवीच आहे का?

दोन-तीनशे गाड्यांची एक यादी, एक अट, एक क्रम एवढंच असेल तर डॉट नेट ४.५ पासून डब्ल्यूपीएफमध्येच लाइव्ह शेपिंग आहे. कलेक्शनव्ह्यूवर लाइव्ह फिल्टरिंग आणि लाइव्ह सॉर्टिंग सुरू करायचं, आणि कुठल्या प्रॉपर्टींवर लक्ष ठेवायचं ती नावं द्यायची. नावं द्यायला विसरू नका. माझ्या एका छोट्या अ‍ॅपमधून मी लायब्ररी काढून हेच लावलं आणि त्या स्क्रीनचे फोन थांबले. क्वेरीवर क्वेरी, जोडण्या, गटवार बेरजा असं असेल तर मात्र डायनॅमिकडेटाच घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

वजनाचा आकडाच चुकीचा येत असेल तर सॉफ्टवेअरला हातही लावू नका. काटा वैधमापन शास्त्र विभागाने पडताळून मुद्रांकित केलेला असतो. सील, इंडिकेटर, लोडसेल हे परवानाधारक दुरुस्तीदाराचं काम आहे. कोडमध्ये ‘थोडी दुरुस्ती’ मिसळून आकडा जुळवणं हे शेतकऱ्याच्या पैशाला हात घालणं आहे आणि कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो.

अ‍ॅप पहिल्या पिढीच्या लायब्ररीवर असेल आणि दोष लायब्ररीच्या आत निघाला, तर हंगामाच्या मध्यावर तिचा कोड दुरुस्त करायला बसू नका. ज्या कोडप्लेक्सवर या लायब्ररी राहत होत्या ते २०१७ च्या अखेरीस बंद झालं. तिथून उचललेला कोड तुम्ही एकट्याने सांभाळायचा म्हणजे पुढची सगळी वर्षं तुमच्याच गळ्यात. हंगामापुरतं मिनिटाला एकदा यादी नव्याने वाचणारा टायमर लावा, तसं कारकुनाला स्पष्ट सांगा, आणि उन्हाळ्यात आधी असं स्थलांतर केलेल्या माणसाच्या मदतीने लायब्ररी बदला.

स्नॅपशॉटमध्ये काय कशाला धरून बसलंय हे दिवसभरात उलगडलं नाही, किंवा स्क्रीन कायमची गोठते आणि दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघताना दिसतात, तर मेमरी डंप (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) वाचता येणारा माणूस गाठा. अंदाजाने लॉक टाकू नका, अशा लॉकनी बिघाड दुर्मीळ होतो आणि मग तो सापडतच नाही.

त्या माणसाकडे जाताना सोबत न्यायच्या गोष्टी: पहिल्या तपासणीतले तीन आकडे आणि लूपची मोजणी, डॉट नेट आणि लायब्ररीची नेमकी आवृत्ती, बिघाडाच्या वेळचा लॉग, आणि शक्य असेल तर एक संग्रह, एक क्वेरी, एक ग्रिड एवढंच असलेला छोटा प्रकल्प ज्यात तोच दोष दिसतो. हा छोटा प्रकल्प बनवायला अर्धा दिवस जातो. काट्याचा खरा डेटा त्यात टाकू नका, शेतकऱ्यांची नावं आणि बँक खाती त्यात असतात. खोटी टोकनं बनवून घ्या.